आधी अ‍ॅसिड ओळखा, मग धातू निवडा

‘अ‍ॅसिडला टिकेल असे सगळ्यांत चांगले मटेरियल कोणते?’ औद्योगिक वसाहतींतले लघुउद्योजक, देखभालीचे अभियंते, फॅब्रिकेटर, पिकलिंगच्या टाक्या चालवणारे आणि कोकम-लोणच्यांसारख्या अन्नप्रक्रियेतले वाचक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यामागे एक समजूत असते. धातूंची एक ठरलेली उतरंड आहे: तळाशी साधे पोलाद, त्यावर ३०४, मग ३१६, आणि वर हॅस्टेलॉय, टायटॅनियम. जितके वर जाल, जितके पैसे मोजाल, तितकी टाकी जास्त टिकेल. अ‍ॅसिडच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे आणि महागातही पडते. अशी एकच उतरंड नसते. प्रत्येक अ‍ॅसिडची, त्याच्या प्रत्येक तीव्रतेची आणि तापमानाची उतरंड निराळी असते. एकीत वर बसलेला धातू दुसरीत तळाला जातो.

याचे पुरावे रोजच्या उद्योगात आहेत. ९८ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड साध्या पोलादाच्या टाकीत नेहमीच्या तापमानाला वर्षानुवर्षे साठवले जाते. तेच अ‍ॅसिड पाणी मिसळून १० टक्क्यांवर आणले, की ते त्याच पोलादाला झपाट्याने खाते. गरम, तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये स्वस्त ३०४एल महाग ३१६एलच्या बरोबरीने टिकते, पुष्कळदा त्याहून सरस ठरते. टँटलम बहुतेक अ‍ॅसिडांना दाद देत नाही, पण हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडपुढे त्याचे काही चालत नाही. तिथे निकेल-तांब्याचे मोनेल उपयोगी पडते, आणि हेच मोनेल नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये तग धरत नाही. म्हणून ‘चांगले मटेरियल कोणते’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘माझे अ‍ॅसिड नेमके कसे आहे’ या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून काढा. पुढचे सारे मार्गदर्शन याच एका सूत्रावर उभे आहे.

मिश्रधातू कशाच्या बळावर टिकतो?

निर्णयासाठी लागेल तेवढेच शास्त्र इथे पाहू. स्टेनलेस स्टीलमधले क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करते. तो काही नॅनोमीटरच जाड असतो, पण धातूचे खरे रक्षण तोच करतो. नायट्रिकसारखे ऑक्सिडीकारक अ‍ॅसिड हा थर मोडत नाही, उलट टिकवून धरते. म्हणून तिथे क्रोमियमचे प्रमाण महत्त्वाचे. हायड्रोक्लोरिक किंवा सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा स्वभाव उलटा आहे. ही क्षपणकारी अ‍ॅसिडे थर टिकू देत नाहीत, त्यामुळे धातूला मूळच्या चिवटपणावर उभे राहावे लागते. तो चिवटपणा निकेल, मॉलिब्डेनम आणि काही ठिकाणी तांबे देते. मिश्रधातूच्या घटकांचे तक्ते वाचताना एवढे लक्षात ठेवा: ऑक्सिडीकारक अ‍ॅसिडसाठी क्रोमियमकडे पाहा, क्षपणकारी अ‍ॅसिडसाठी निकेल आणि मॉलिब्डेनमकडे.

यावरून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते. अ‍ॅसिडमध्ये आलेली थोडीशी अशुद्धीही निवड उलटीपालटी करू शकते. पिकलिंगच्या टाकीतल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळलेले लोखंड साठत जाते आणि हवेच्या संपर्काने त्यातले काही फेरिक रूपात येते. हे फेरिक आयन ऑक्सिडीकारक असतात. शुद्ध हायड्रोक्लोरिकसाठी नावाजलेले, सुमारे २८ टक्के मॉलिब्डेनमचे हॅस्टेलॉय बी-२ त्यांच्यामुळे वेगाने झिजू लागते, कारण त्यात क्रोमियम नगण्य असते. झिर्कोनियमलाही त्याच आयनांमुळे खड्डे पडतात. टायटॅनियमचे मात्र याउलट होते. सौम्य हायड्रोक्लोरिकमध्ये फेरिक आयन त्याचा संरक्षक थर सावरायला मदतच करतात. एकच अशुद्धी एका धातूचा घात करते आणि दुसऱ्याला वाचवते. म्हणून पुरवठादाराने ‘हायड्रोक्लोरिकला चालते’ असे सांगितले, तर ते कोणत्या हायड्रोक्लोरिकला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौकशीला निघण्याआधी हा कागद भरा

पुढील माहिती एका पानावर लिहा. हे पान कोरे असेल, तर कोणत्याही तज्ज्ञाचा सल्ला अंदाजापलीकडे जाऊ शकत नाही.

- अ‍ॅसिड आणि तीव्रता: नेहमीची टक्केवारी लिहा. शिवाय धुताना, रिकामे करताना आणि भरताना होणारी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तीव्रताही लिहा.
- तापमान: टाकीतल्या द्रवाचे लिहा आणि हीटिंग कॉइलच्या पृष्ठभागाचेही लिहा. द्रव ६० अंशांवर असला, तरी वाफेच्या कॉइलची भिंत त्याहून बरीच गरम असते आणि झीज तिथे आधी सुरू होते.
- अशुद्धी: क्लोराइड, फ्लुओराइड, विरघळलेले लोखंड किंवा तांबे. मीठ आणि पाण्यातून येणारे क्लोराइडही यातच धरा.
- हवा: टाकी उघडी आहे की बंद, द्रवात हवा मिसळते का, नायट्रोजनचे आच्छादन आहे का.
- वेग आणि गाळ: पंपात, बेंडमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये द्रव किती जोरात वाहतो, त्यात घन कण आहेत का.
- चालू-बंदचे चक्र: प्लँट बंद असताना आत काय उरते. अनेक टाक्या उत्पादनाच्या दिवसांपेक्षा बंद असतानाच जास्त खराब होतात.
- झीज किती चालेल: काही टाक्यांत भिंत वर्षाला थोडी पातळ झाली तरी चालते. अन्नपदार्थ किंवा औषधात मात्र लोखंडाचा अंशही चालत नाही.

अ‍ॅसिडनुसार पर्याय

खालील यादी ही सुरुवात समजा, अंतिम उत्तर नव्हे. तिच्यावरून कोणते पर्याय लगेच खोडायचे आणि कोणत्यांची चाचणी घ्यायची, हे कळेल.

- सल्फ्युरिक, ९३ ते ९८ टक्के, साधे तापमान: साठवणीला साधे पोलाद चालते, कारण त्यावर लोह सल्फेटचा थर बसतो. हा थर नाजूक असतो. पाइपमधला वेग सेकंदाला सुमारे १ मीटरपेक्षा कमी ठेवा. टाकीच्या व्हेंटमधून ओलसर हवा शिरली, तर वरच्या भिंतीवरचे अ‍ॅसिड पातळ होते आणि तिथेच पत्रा खाल्ला जातो. पावसाळी हवेच्या कोकणात यावर खास लक्ष हवे.
- सल्फ्युरिक, सौम्य आणि मध्यम: ३१६एल फक्त कमी तीव्रतेला आणि साध्या तापमानाला. त्यापुढे ९०४एल किंवा अलॉय २०. या दोहोंत निकेल भरपूर असते आणि तांबेही घातलेले असते, कारण त्यांची रचनाच सल्फ्युरिकसाठी झाली आहे. मध्यम तीव्रता आणि जास्त तापमान हा सर्वांत कठीण टापू. तिथे हॅस्टेलॉय सी-२७६ किंवा अस्तर लावलेली टाकी यांचा विचार करा.
- नायट्रिक: सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत ३०४एल हा प्रस्थापित पर्याय. अतितीव्र अ‍ॅसिडच्या साठवणीला अ‍ॅल्युमिनियमही वापरतात. टायटॅनियम नायट्रिकमध्ये चांगले, पण जवळजवळ निर्जल, लाल धूर सोडणाऱ्या नायट्रिकमध्ये त्याचा स्फोटक पेट होऊ शकतो. तिथे ते कदापि वापरू नका.
- हायड्रोक्लोरिक: ३०४ आणि ३१६ दोन्ही आधी खोडा, अ‍ॅसिड सौम्य असले तरी. रबर अस्तर, एफआरपी, पॉलिप्रॉपिलीन, ग्लास-लाइन्ड किंवा ग्रॅफाइट यांकडे वळा. धातूच हवा असेल, तर अशुद्धीप्रमाणे सी-२७६, बी-३, झिर्कोनियम किंवा टँटलम.
- हायड्रोफ्लुओरिक: काच, टायटॅनियम, झिर्कोनियम, टँटलम हे सगळे बाद. हवा नसलेल्या स्थितीत मोनेल चालते. निर्जल अ‍ॅसिडसाठी साधे पोलाद वापरात आहे. या अ‍ॅसिडचा निर्णय तज्ज्ञाविना घेऊच नका.
- फॉस्फोरिक: शुद्ध अ‍ॅसिडला मर्यादित तापमानापर्यंत ३१६एल पुरते. खतांसाठी खनिजापासून केलेल्या अ‍ॅसिडमध्ये फ्लुओराइड आणि क्लोराइड असतात. तिथे ९०४एल किंवा अलॉय २८ अशा वरच्या मिश्रधातूंकडे जावे लागते.
- अ‍ॅसिटिक, सायट्रिक आणि खाद्य आम्ले: शुद्ध असतील तर साध्या तापमानाला ३०४एल, गरम अ‍ॅसिटिकला ३१६एल. फॉर्मिक अ‍ॅसिड मिसळलेले असेल, तर चाचणी हवीच.

शेवटच्या ओळीचा महाराष्ट्राशी आणि गोव्याशी थेट संबंध आहे. कोकमाचे आगळ, लोणची, खारवलेली कैरी यांत आम्ल आणि मीठ एकत्र असते. आम्ल एकटे असते तर ३०४ने ते सहज सोसले असते. पण मिठातले क्लोराइड थराला जागोजागी छेदते आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडते, त्यातही द्रवाच्या पातळीच्या रेषेवर आणि वेल्डजवळ. म्हणून साठवणीला अन्नयोग्य प्लॅस्टिक किंवा काच आणि प्रक्रियेच्या भांड्यांना ३१६एल ही विभागणी शहाणपणाची आहे. ३१६एललाही मीठ आणि उष्णता अमर्याद सोसत नाही. म्हणून काम संपल्यावर भांडे गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करणे हा मटेरियलच्या निवडीचाच भाग समजा.

ग्रेडच्या नावातले सापळे

निवड बरोबर झाली, तरी हातात तेच मटेरियल येते का, हा वेगळा प्रश्न आहे. इथली फसगत बहुधा अर्धवट माहितीतून होते, आणि पुढील पाच समजुती तिला कारण ठरतात.

- ‘लोहचुंबक चिकटला नाही, म्हणजे ३०४.’ निकेलऐवजी मँगनीज वाढवलेल्या २०० सिरीजच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. उलट वाकवलेल्या किंवा दाबलेल्या खऱ्या ३०४ला तो थोडा चिकटू शकतो. चुंबकाची परीक्षा पुरेशी नाही.
- ‘३१६ आणि ३१६एल एकच.’ ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. वेल्डिंग होणाऱ्या अ‍ॅसिडच्या टाकीसाठी हा फरक निर्णायक असतो.
- ‘हातातल्या एक्सआरएफ गनने तपासले, आता चिंता नाही.’ ही गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते. कार्बन ती मोजू शकत नाही. त्यासाठी ऑप्टिकल एमिशन स्पेक्ट्रोमीटर किंवा प्रयोगशाळेतले पृथक्करण लागते.
- ‘पीआरईएन जास्त, म्हणजे अ‍ॅसिडला चांगले.’ क्रोमियम, मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट टक्केवारी मिळवून हा आकडा काढतात. क्लोराइडमुळे पडणाऱ्या छिद्रांना धातू किती विरोध करेल, याचा अंदाज त्यातून येतो. अ‍ॅसिडमध्ये सर्वत्र सारखी झीज किती होईल, हे तो सांगत नाही.
- ‘टाकी ३१६एलची आहे, मग सगळे ३१६एलच.’ व्हॉल्व्ह आणि पंप ओतीव असतात, त्यांच्या ग्रेडची नावेही वेगळी. ३१६च्या जोडीचे ओतकाम सीएफ८एम, ३१६एलच्या जोडीचे सीएफ३एम, अलॉय २०च्या जोडीचे सीएन७एम. व्हॉल्व्हचे आतले भाग, नट-बोल्ट, स्प्रिंग आणि गॅस्केट यांचे मटेरियल स्वतंत्रपणे विचारा.

तक्ता आणि चाचणी यांत चाचणीवर भरवसा ठेवा

‘आमच्याकडे कंपनीचा तक्ता आहे, त्यात या अ‍ॅसिडपुढे “ए” लिहिले आहे’ असा युक्तिवाद नेहमी होतो. तक्ता निरुपयोगी नाही. चुकीचे पर्याय गाळायला तो फार कामाचा असतो. पण तो बहुधा शुद्ध अ‍ॅसिड, ठरावीक तापमान आणि वेल्ड नसलेला नमुना धरून केलेला असतो. तुमच्या टाकीत अशुद्धी असते, वेल्ड असतात, कॉइल असते. तक्त्यावरून दोन-तीन पर्याय उरले, की प्रत्यक्ष द्रवात कूपन चाचणी घ्या. तिचा खर्च टाकीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

1. प्रत्येक मटेरियलचे मोजमाप केलेले किमान दोन तुकडे घ्या, त्यांतल्या काहींवर वेल्ड असू द्या. ते साफ करून मिलिग्रॅमपर्यंत वजन करा.
2. तुकडे टेफ्लॉनच्या वॉशरने एकमेकांपासून वेगळे ठेवून टांगा. काही द्रवात, काही वाफेत, काही द्रवाच्या पातळीवर.
3. ठरावीक तासांनी काढा, थर साफ करा, पुन्हा वजन करा.
4. वार्षिक झीज काढा: मिलिमीटर प्रतिवर्ष = (८७.६ × वजनातली घट) ÷ (घनता × क्षेत्रफळ × तास). घट मिलिग्रॅममध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घ्या.
5. भिंगाखाली छिद्रे, भेगा, वॉशरखालची झीज पाहा. वजन कमी झाले नाही, पण छिद्र पडले, तर मटेरियल नापास.

उदाहरण घेऊ. घनता ८, क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर, १६८ तास आणि घट ५० मिलिग्रॅम. उत्तर येते वर्षाला सुमारे ०.१३ मिलिमीटर. ३ मिलिमीटर जादा जाडी ठेवली, तर हिशेबाने टाकी २३ वर्षे पुरेल. पण कमी झिजणाऱ्या धातूची चाचणी जास्त काळ चालवावी लागते. एक प्रचलित नियम असा की किमान तास = ५० ÷ वार्षिक झीज. इथे ते सुमारे ३८५ तास, म्हणजे १६ दिवस होतात. म्हणजे आठवड्याची चाचणी अपुरी आहे, ती पुढे चालू ठेवा. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जादा जाडीचा हिशेब फक्त सर्वत्र सारख्या होणाऱ्या झिजेला लागू पडतो. छिद्रे आणि भेगा जाडी पाहून थांबत नाहीत. तशी लक्षणे दिसली, तर पत्रा जाड करू नका, मटेरियल बदला.

चांगला धातू वाया कसा जातो

योग्य मिश्रधातू आणूनही टाकी वर्षभरात गळू लागली, तर दोष बहुधा फॅब्रिकेशनमध्ये किंवा वापरात असतो. स्टेनलेस स्टील सुमारे ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात जास्त वेळ राहिले, की कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड साचते आणि आजूबाजूचा भाग क्रोमियमविना दुबळा होतो. मग वेल्डच्या बाजूने रेघ ओढावी तशी झीज होते. म्हणूनच कमी कार्बनच्या ग्रेडचा आग्रह धरायचा. वेल्डवरचे निळे-तपकिरी डाग शोभेचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्याखालचा थर कमकुवत झालेला असतो. पुढील बाबी फॅब्रिकेटरला लेखी द्या:

- स्टेनलेससाठी ग्राइंडिंग व्हील आणि वायर ब्रश वेगळे ठेवावेत. साध्या पोलादावर वापरलेले व्हील लोखंडाचे कण घुसवते.
- वेल्डच्या आतल्या बाजूला आर्गनचे पर्जिंग करावे, नंतर पिकलिंग आणि पॅसिव्हेशन करावे.
- फिलर वायरचा ग्रेड आधी मंजूर करून घ्यावा.
- हायड्रो टेस्टला कमी क्लोराइडचे पाणी वापरावे, टेस्टनंतर लगेच रिकामे करून वाळवावे.
- द्रव साचेल अशा खाचा, आतला कडेचा अर्धवट वेल्ड आणि सपाट तळ टाळावा.
- वेगळ्या धातूचा भाग थेट जोडू नये. दोन धातू अ‍ॅसिडमध्ये एकत्र आले, की त्यांतला अधिक सक्रिय जास्त वेगाने झिजतो.

‘घटक जितके जास्त, तितका टिकाऊ?’

अलीकडे पाच-सहा धातू जवळपास सारख्या प्रमाणात मिसळलेल्या ‘हाय-एन्ट्रॉपी’ मिश्रधातूंची चर्चा होते. २००४मध्ये ब्रिटनमध्ये ब्रायन कँटर आणि तैवानमध्ये जिएन-वेइ ये यांच्या गटांनी स्वतंत्रपणे या कल्पनेचे संशोधन प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्यांच्या अ‍ॅसिडरोधावर जगभर काम सुरू आहे. काही रचना खरोखर आशादायक आहेत. पण घटकांची संख्या वाढली म्हणून टिकाऊपणा वाढतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. कोबाल्ट, क्रोमियम, लोह आणि निकेलच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियम वाढवत नेले, की आत क्रोमियम कमी असलेले वेगळे भाग तयार होतात आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये प्रतिकार घटतो. मँगनीजही अ‍ॅसिडमध्ये सहसा मदत करत नाही. याचा धडा जुनाच आहे: कोणते घटक, कोणत्या प्रमाणात, एकसारखे पसरलेले आहेत का आणि समोर कोणते अ‍ॅसिड आहे, यावर सारे ठरते. लघुउद्योगाने आज तरी अशा मिश्रधातूच्या टाकीच्या मागे लागू नये. ज्याचे मानक आहे, पत्रा-पाइप-वायर बाजारात मिळते आणि वेल्डिंगची पद्धत प्रस्थापित आहे, तोच मिश्रधातू घ्यावा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा: ‘एवढी चिकित्सा कशाला? एकदाच सी-२७६ घेऊन मोकळे व्हावे.’ सी-२७६मध्ये सुमारे १६ टक्के क्रोमियम आणि तेवढेच मॉलिब्डेनम असते. म्हणून ते ऑक्सिडीकारक आणि क्षपणकारी अशा दोन्ही परिस्थितींत बऱ्यापैकी टिकते. वारंवार वेगवेगळी रसायने बनवणाऱ्या प्लँटसाठी हा युक्तिवाद काही अंशी मान्य करायला हवा. तिथे अनिश्चिततेचीच किंमत मोठी असते. पण एकच ठरलेले अ‍ॅसिड वापरणाऱ्याने तो मान्य करू नये. गरम तीव्र नायट्रिकमध्ये सी-२७६ ३०४एलच्या मागे पडते, कारण त्यात क्रोमियम कमी आहे. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी आयुष्य विकत घेतले, असे होते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे: ‘धातूच नको, सगळीकडे प्लॅस्टिक किंवा अस्तर.’ हायड्रोक्लोरिकसाठी हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच आहे. पण प्लॅस्टिकला तापमान, दाब आणि सॉल्व्हंट यांच्या मर्यादा असतात. अस्तराला एक छिद्र पडले, की मागचा पोलादी पत्रा बाहेरून न दिसता खाल्ला जातो. अस्तराची टाकी घेताना स्पार्क टेस्टचा अहवाल मागा, ठरावीक काळाने ती टेस्ट पुन्हा करा आणि अस्तर लावलेल्या टाकीवर बाहेरूनही वेल्डिंग करू देऊ नका.

खरेदीची ऑर्डर आणि तुमचे हक्क

अनेक ऑर्डरवर फक्त ‘एसएस ३१६ टाकी, १ नग’ एवढेच लिहिलेले असते. तांत्रिकदृष्ट्या ते अपुरे आहेच, कायद्याच्या दृष्टीनेही ते तुमचे हात बांधते. मालविक्री अधिनियम, १९३० मधल्या कलम १६ प्रमाणे, माल कोणत्या कामासाठी हवा हे तुम्ही विक्रेत्याला कळवले असेल, तुम्ही त्याच्या कौशल्यावर विसंबून आहात हे दिसत असेल आणि तसा माल पुरवणे हा त्याचा व्यवसाय असेल, तर माल त्या कामाला वाजवी प्रमाणात योग्य असला पाहिजे अशी गर्भित अट करारात येते. ठरावीक वस्तू पेटंट किंवा व्यापारी नावाने मागितली, तर ही अट लागू होत नाही. म्हणजे नुसता ग्रेड किंवा ब्रँड लिहिला, तर निवडीची जबाबदारी तुमच्याकडे येते. अ‍ॅसिडची स्थिती लिहून सल्ला मागितला, तर ती विक्रेत्यावरही राहते. वर सांगितलेला कागद ऑर्डरला जोडायचा तो यासाठीच.

- वर्णनाप्रमाणे माल: कलम १५ प्रमाणे माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ‘३१६एल’ लिहून २०० सिरीज आली, तर तो करारभंग आहे.
- तपासण्याचा हक्क: कलम ४१ तुम्हाला माल तपासण्याची वाजवी संधी देते. डिलिव्हरीच्या वेळी हीट नंबर प्रमाणपत्राशी जुळवा, तपासणी करून घ्या, मगच स्वीकारा.
- उशीर करू नका: वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारला असे मानले जाते. मग परत करण्याऐवजी सहसा नुकसानभरपाईच मागता येते. दोष दिसताच लेखी कळवा.
- प्रमाणपत्र: ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ प्रकारचे टेस्ट सर्टिफिकेट ऑर्डरमध्येच मागा. शंका असेल, तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पृथक्करण करून घ्या. अ‍ॅसिडच्या कामासाठी एएसटीएम ए२६२ची आंतरकणीय क्षरणाची चाचणीही ठरवता येते. तिची कोणती पद्धत, हे स्पष्ट लिहा.
- बारीक अक्षरे: कलम ६२ प्रमाणे गर्भित अटी कराराने वगळता येतात. कोटेशनमागच्या अटींत ‘योग्यतेची हमी नाही’ असे वाक्य आहे का, ते सही करण्याआधी पाहा.
- ग्राहक आयोग: व्यापारी कारणासाठीची खरेदी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही. मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी खरेदी केली असेल, तर ती बसू शकते. घरगुती पातळीवर आगळ-लोणची करणाऱ्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी.

रक्कम मोठी असेल, तर वकिलाचा सल्ला घ्या. पण वकिलाच्या हाती द्यायला ऑर्डर, कागद, प्रमाणपत्र आणि नमुना तुमच्याकडे असले पाहिजेत.

इथे तडजोड नको

चुकीच्या मटेरियलची किंमत सर्वांत आधी टाकीशेजारी उभा असलेला कामगार मोजतो. अ‍ॅसिड आणि धातूच्या अभिक्रियेतून अनेकदा हायड्रोजन निघतो आणि बंद टाकीच्या वरच्या भागात साठतो. सल्फ्युरिकच्या टाकीवर कटिंग किंवा वेल्डिंग करण्याआधी ती रिकामी करून, धुऊन, हवा खेळती ठेवून गॅस तपासल्याशिवाय ठिणगी पडता कामा नये. धुताना आत थोडे पाणी सोडून ठेवणे हे सर्वांत वाईट, कारण पातळ झालेले अ‍ॅसिड पोलादाला लगेच खाऊ लागते. अल्ट्रासॉनिक यंत्राने भिंतीची जाडी ठरावीक जागी, ठरावीक काळाने मोजा आणि नोंद ठेवा. पत्रा कुठे पातळ झाला आहे आणि आत कोणते अ‍ॅसिड आहे, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला कळले पाहिजे. अ‍ॅसिडचे सुरक्षा माहितीपत्रक त्याला समजेल अशा मराठीत लावणे, हे त्याच्यावर उपकार नव्हेत, ते तुमचे कर्तव्य आहे.

निर्णयाचा क्रम थोडक्यात असा ठेवा. आधी अ‍ॅसिडचा कागद भरा. यादीवरून न टिकणारे पर्याय खोडा. उरलेल्यांत धातू, अस्तर आणि प्लॅस्टिक यांची किंमत आयुष्याच्या हिशेबाने तोला. कूपन चाचणी घ्या. कागद जोडून ऑर्डर द्या, माल तपासून घ्या आणि वापर सुरू झाल्यावर जाडी मोजत राहा. यातला कोणताही टप्पा मोठ्या कारखान्यांची मक्तेदारी नाही. वजनकाटा, भिंग, चार तुकडे आणि नीट भरलेले एक पान एवढ्यावर सुरुवात होते. पुढच्या वेळी विक्रेता ‘कोणता ग्रेड देऊ?’ असे विचारेल, तेव्हा ग्रेडचे नाव सांगण्याआधी हे पान त्याच्यापुढे ठेवा आणि त्याचे उत्तर लेखी घ्या.